माझ्यासमोर नको

“बाई, बसून घ्या. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून काम लवकर होणार नाही.”

केशर वाघमोडेशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. सतरा वर्षं झाली, पण त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. ती माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. डावा हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता. मनगटापासून कोपरापर्यंत तो सुजून काळानिळा पडला होता. मानेला पांढरी पट्टी, आणि पट्टीखालून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या. त्या ती पदराने झाकत होती. पस्तिशीची असेल, दिसत होती पन्नाशीची.

सोमवार होता. दिवाळीची सुट्टी संपून उच्च न्यायालयाचं आमचं खंडपीठ नुकतंच सुरू झालं होतं. मी बोर्ड विभागाचा प्रमुख होतो. बोर्ड म्हणजे यादी. उद्या कुठल्या कोर्टात कुठलं प्रकरण कितव्या नंबरावर निघणार, ते त्या यादीवरून कळतं. लोकांना वाटतं, वकील न्यायमूर्तींना घाबरतात. छे! वकील घाबरतात बोर्डवाल्याला. न्यायमूर्ती फार तर प्रकरण फेटाळतील. बोर्डवाला ते यादीवरच येऊ देत नाही. दिवाळीत माझ्या घरी मिठाईचे डबे यायचे आणि मी ते दारातूनच परत पाठवायचो. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एकही प्रकरण भलत्या कोर्टासमोर लागलं नव्हतं. ‘रत्नपारखींची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ’ असं वकील म्हणत, आणि ते ऐकायला मला फार आवडे. खोटं कशाला बोलू?

केशरच्या मागोमाग तिची वकील आली. रुबीना मोमीन. वकिली सुरू करून चार-पाच वर्षं झालेली मुलगी, पण कागद स्वच्छ असायचे, म्हणून माझ्या मर्जीतली.

“सर, दोन नंबर कोर्टात ‘माझ्यासमोर नको’ झालं,” ती म्हणाली.

म्हणजे काय, ते सांगतो. एखाद्या न्यायमूर्तींचा प्रकरणाशी पूर्वी काही संबंध आलेला असला, तर ते प्रकरण ते ऐकत नाहीत. फाइलवर तेवढे शब्द लिहिले जातात आणि फाइल आमच्याकडे येते. दोन नंबर कोर्टातल्या एका न्यायमूर्तींनी पूर्वी सरकारी वकील असताना केशरच्या भावाची जन्मठेप कायम करण्यासाठी युक्तिवाद केला होता. आता त्याच भावाच्या सुटीचा अर्ज त्यांनी कसा ऐकायचा? त्यांनी बाजूला होणं अगदी योग्य होतं.

“मग मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशासाठी पाठवतो,” मी म्हटलं.

“किती दिवस लागतील?”

“ते मी कसं सांगणार?”

कुठलं प्रकरण कुणी ऐकायचं, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या मुख्य न्यायमूर्तींचा असतो. निकाल देताना ते इतर न्यायमूर्तींसारखेच एक न्यायमूर्ती. पण कामाच्या वाटपात त्यांचा शब्द शेवटचा. ते बसायचे मुख्य पीठाच्या शहरात, आमच्यापासून चारशे किलोमीटरवर. फाइल रोज संध्याकाळच्या टपालाच्या थैलीतून जायची, दुसऱ्या दिवशी तिकडे पोचायची, सही झाली की तशीच परत यायची. आमच्याकडे अशी प्रकरणं ऐकू शकणारी कोर्टं दोनच होती. दोन नंबरने हात वर केल्यावर उरलं एक नंबर. ते माझ्या खोलीच्या दारातून दिसायचं. चाळीस पावलं असतील.

“सर, शनिवारी ऑपरेशन आहे,” रुबीना म्हणाली. “भावाची किडनी हिला बसवायची आहे. सगळ्या परवानग्या झाल्यात. फक्त तो तुरुंगातून यायचा बाकी आहे. पूर्वी एकदा रजेवरून अकरा दिवस उशिरा परतला होता, म्हणून तुरुंगवाले पॅरोल देत नाहीत.”

“सगळ्यांचीच प्रकरणं तातडीची असतात, मॅडम.”

मग केशर बोलली. आवाज अगदी बारीक होता.

“साहेब, हातातल्या नसा संपल्या बगा. मशीनला लावायला जागाच ऱ्हायली न्हाई. ही मानंतली शेवटची. ही बंद पडली की डाक्टर म्हनत्यात आमच्या हातात काय न्हाई. बिरूला बेस्तरवारपातुर दवाखान्यात आनला तर शनवारी टाकत्यात किडनी.”

“बिरू म्हणजे तुमचा भाऊ?”

“व्हय. धाकला. बांधावरनं भांडान झालं, त्येच्या हातनं मानूस गेला. त्याचं तो भोगतोय, मी त्येच्याबद्दल काय म्हनत न्हाई. पर किडनी त्यो आपन होऊन देतोय. मी मागितली न्हाई साहेब. भेटायला गेल्ते तवा त्योच म्हनला, आक्का, माझी घे.”

मी लगेच टिपणी लिहिली. त्यात ‘अति तातडीचे’ असं ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळच्या थैलीत फाइल गेली, हे स्वतः उभं राहून पाहिलं. आपण आपल्याकडून काही कमी केलं नाही, असं मला वाटलं. आणि सोमवारपुरतं ते खरंही होतं.

मंगळवारी दुपारी मुख्य पीठात फोन केला. फाइल पोचली होती. मुख्य न्यायमूर्ती मात्र परराज्यात कसल्याशा परिषदेला गेले होते. गुरुवारी रात्री परतणार होते.

“त्यांच्याशी बोलता येईल का?” मी त्यांच्या सचिवांना विचारलं.

“काय बोलणार आहात? यादीबद्दल?” तिकडून हसल्याचा आवाज आला. “रत्नपारखी, साहेब व्यासपीठावर आहेत. आले की पहिली फाइल हीच ठेवतो. झालं?”

मी “हो” म्हणून फोन ठेवला.

बुधवारी साडेअकराला रुबीना जवळजवळ पळतच आत आली. मागून केशर भिंतीला धरून चालत होती. रुबीनाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“सर, झालं काम! मी एक नंबरमध्ये जाऊन विनंती केली. तिथल्या सिनियर न्यायमूर्तींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ऑफिसने कागद समोर ठेवले तर दोन वाजता बघतो. सरकारी वकिलांनीही हरकत घेतली नाही.”

“मूळ फाइल मुख्य पीठात आहे.”

“दुसरा संच तुमच्या कपाटात असतो ना? तोच पाठवा.”

होता. माझ्या मागच्याच कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. किल्ली माझ्या खिशात होती.

“तसं करता येत नाही,” मी म्हटलं.

“का?”

मी टेबलाच्या काचेखालचं परिपत्रक तिच्याकडे फिरवलं. दोन वर्षांपूर्वीचं होतं ते. त्याआधी काही वकिलांनी भलताच धंदा चालवला होता. न्यायमूर्ती कडक वाटले, की त्यांच्या भाच्याला नाहीतर पुतण्याला मुद्दाम वकीलपत्र द्यायचं. न्यायमूर्तींना बाजूला व्हावंच लागायचं आणि प्रकरण आपोआप हव्या त्या कोर्टात जायचं. ते बंद करायला हे परिपत्रक निघालं. ‘माझ्यासमोर नको’ झालेलं कोणतंही प्रकरण मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाशिवाय कोणत्याही कोर्टासमोर ठेवायचं नाही. ठेवल्यास संबंधित अधिकारी जबाबदार.

रुबीनाने ते दोनदा वाचलं.

“पण ह्यात तातडीच्या प्रकरणांसाठी काहीच नाही. एखादं कलम तर हवं. इथल्या सिनियर न्यायमूर्तींना विचारून ठेवावं, असं काहीतरी.”

“नाही.”

“असं कसं? मरायला टेकलेल्या माणसाचं काय करायचं, हा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नाही? कुणी लिहिलंय हे?”

“वरून आलंय,” मी म्हटलं.

मी उठलो आणि उपप्रबंधक टाकसाळ्यांच्या खोलीत गेलो. हे माझे वरिष्ठ. निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि ते सातही महिने त्यांच्या कपाळावर लिहिलेले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“सिनियर साहेबांनी लेखी काही दिलंय?”

“नाही. ऑफिसने ठेवले तर बघतो, एवढंच म्हणाले.”

“म्हणजे त्यांनी चेंडू आपल्याकडे टोलवला. उद्या कुणी विचारलं तर ते म्हणतील, ऑफिसने ठेवलं, मी ऐकलं.” त्यांनी चष्मा लावला. “तुमचा विभाग आहे, रत्नपारखी. ठेवायचं तर ठेवा. मला विचारलंत असं मात्र कुठं लिहू नका.”

“मग नको म्हणता?”

“मी कुठे नको म्हणतोय? मी काहीच म्हणत नाही.”

मी परत आलो. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, बढतीची यादी निघायची होती. यातलं काहीही त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं, असं म्हणायची मला आता लाज वाटते, कारण सगळंच होतं. पण सगळ्यांत जास्त होती ती काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षांत जे झालं नाही, ते आज मी माझ्या हाताने करायचं?

“शुक्रवारी सकाळी आदेश येईल,” मी म्हटलं. “आला की त्याच मिनिटाला लावतो. रात्री उशिरापर्यंत भाऊ दवाखान्यात पोचेल. डॉक्टरांना म्हणावं, ऑपरेशन सोमवारवर घ्या.”

“सर, कालपासून दोनदा तिच्या नळीतून रक्त येणं थांबलंय,” रुबीना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “सोमवार ही तारीख तुमच्या यादीत असेल. तिच्याकडे नाही.”

“मॅडम, हे कोर्ट आहे. इथे प्रत्येकाने नियम वाकवायचे ठरवलं, तर—”

“नियम वाकवू नका हो! कपाट उघडा फक्त!”

आजूबाजूचे कारकून मान वर करून बघायला लागले. मला राग आला. कालची मुलगी, आणि माझ्या टेबलाशी उभी राहून ओरडते! मी कपाट उघडलं नाही.

केशर उठली. तिने रुबीनाच्या दंडाला धरलं.

“चला ताई. त्येंचीबी नोकरी हाय की.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “साहेब, शुक्रवारी ध्यान ऱ्हावू द्या म्हंजे झालं.”

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. तिला खरोखरच माझ्या नोकरीची काळजी वाटली होती.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फॅक्स आला. मुख्य न्यायमूर्तींनी टिपणीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कोर्ट क्र. १. आजच.’ मी स्वतः यादी टाइप केली. केशर वाघमोडे विरुद्ध राज्य शासन, पहिला नंबर, दुपारी अडीच. रुबीनाचा फोन लागत नव्हता, म्हणून वकिलांच्या खोलीच्या फळ्यावर यादीची प्रत स्वतः जाऊन लावली. अडीचला मी एक नंबर कोर्टात दाराजवळ जाऊन उभा राहिलो. बोर्डवाल्याने कोर्टात येण्याची पद्धत नाही, पण मला ते बघायचं होतं.

पुकारा झाला. रुबीना पुढे गेली. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला कळलं.

“माय लॉर्ड्स, याचिकाकर्ती आज पहाटे वारली.”

सिनियर न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं.

“कशाने?”

“डायलिसिसची नळी काल दुपारी बंद पडली. दुसरी जागा मिळाली नाही.”

“फार वाईट झालं,” ते म्हणाले. नंतर त्यांनी आदेश सांगितला. याचिकाकर्ती मयत, याचिका निकाली. दोन ओळी. पुढचा पुकारा झाला.

रुबीना बाहेर आली ती सरळ माझ्याकडे. ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर ऐकून घेतलं असतं. तिने पिशवीतून हाताने लिहिलेला अर्ज काढला.

“भावासाठी आहे. एक दिवस, पोलीस बंदोबस्तात. अंत्यसंस्कारापुरता. घरात दुसरं कुणी नाही. तुरुंगवाल्यांनी त्याच जुन्या कारणावरून नकार दिलाय. प्रेत सरकारी दवाखान्यात ठेवलंय. हे प्रकरण नवं आहे. म्हणजे आधी दोन नंबरला जाणार. तिथे पुन्हा ‘माझ्यासमोर नको’ होणार. मग ह्यालाही मुख्य न्यायमूर्तींचा आदेश लागेल ना, सर?”

ती टोचून बोलत नव्हती. खरंच विचारत होती. मी घालून दिलेला रस्ता तिला आता पाठ झाला होता.

आणि ‘मी घालून दिलेला’ हेच खरं आहे. बुधवारी मी तिला ‘वरून आलंय’ म्हणालो, ते खोटं होतं. ते परिपत्रक मी लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुख्य न्यायमूर्ती आमच्याकडे आले असताना मसुदा घेऊन मी त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांनी तो वाचला आणि पहिल्यांदा हेच विचारलं होतं.

“रत्नपारखी, अगदी जिवावरचं काही असेल तर? माझ्यापर्यंत कागद येईस्तोवर थांबायचं? इथल्या सिनियर न्यायमूर्तींना मुभा देणारं एक कलम घालू या का?”

आणि मी, मिठाईचे डबे परत करणारा मी, हात बांधून म्हणालो होतो, “साहेब, तेवढी फट ठेवली की उद्यापासून प्रत्येक प्रकरण जिवावरचं होईल. तुमच्या अधिकाराला मग काही अर्थ राहणार नाही.”

ते हसले होते. “तुम्ही रोज बघता, तुम्हाला जास्त माहीत,” म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं होतं, मुख्य न्यायमूर्तींनी माझं ऐकलं.

मी रुबीनाच्या हातातून अर्ज घेतला. खोलीत आलो. नंबर टाकला, पुरवणी यादी काढली, कोर्ट क्रमांक एक, दुपारी चार, आणि खाली माझी सही केली. आदेश नाही, फोन नाही, टाकसाळ्यांना विचारणं नाही. कागद कुणाच्या हाती न देता स्वतः घेऊन गेलो. चाळीस पावलं. चार वाजून सात मिनिटांनी अर्ज मंजूर झाला.

शनिवारी सकाळी मी स्मशानात गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. बिरू वाघमोडे दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. दणकट माणूस, नुकताच डोक्यावरून वस्तरा फिरवलेला. अग्नी देताना त्याची बेडी सोडली. तो रडला नाही. चितेकडे बघत एकदा दोन्ही तळहात कमरेच्या मागे नेऊन दाबले आणि तसाच उभा राहिला.

सगळं झाल्यावर रुबीनाने त्याला माझ्याकडे आणलं. पोलीस दोन पावलं मागे थांबले.

“हे कोर्टातले रत्नपारखी साहेब,” ती म्हणाली. “काल तुमचा अर्ज ह्यांनीच लावला. नियमात बसत नव्हतं, तरी लावला.”

मी काही बोलायच्या आत तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला.

“तुमच्यामुळं आक्काला आग देता आली, साहेब. तुमचे लई उपकार.”

मी मागे सरकलो. खरं ते तिथेच सांगायला हवं होतं. रुबीना बघत होती, पोलीस बघत होते. मी “असू दे, असू दे” म्हणालो.

सोमवारी मी चार पानांचा खुलासा लिहून काढला. आदेशाशिवाय प्रकरण लावलं, जबाबदारी सर्वस्वी माझी, होईल ती शिक्षा मान्य. मला शिक्षा हवी होती, हे उघडच आहे. परिपत्रकाप्रमाणे निदान चौकशी तरी व्हायलाच हवी होती. ते कलमही मीच घातलं होतं. टाकसाळ्यांनी कपाळाला हात लावला. “आधी नुसती टिपणी पाठवा, मंजुरीसाठी,” ते म्हणाले. “खुलासा मागतील तेव्हा द्या. स्वतःहून कशाला गळ्यात धोंडा बांधून घेता?”

मंगळवारी टिपणी थैलीतून गेली. ‘मृत्यूचे कारण व वेळेचा अभाव लक्षात घेऊन पूर्वपरवानगीशिवाय प्रकरण कोर्ट क्र. १ समोर ठेवण्यात आले.’ एवढंच वाक्य होतं. दोन दिवस मी फोन वाजला की उठून उभा राहायचो. घरी बायकोला सांगून ठेवलं की निलंबन होईल, मुलीच्या सासरच्यांना आधीच कळवावं लागेल.

गुरुवारी फाइल परत आली. टाकसाळ्यांनी आधी उघडली, मग माझ्यासमोर ठेवली.

“सुटलात,” ते म्हणाले.

माझ्या वाक्याखाली मुख्य न्यायमूर्तींनी ‘मान्य’ लिहून सही केली होती. प्रश्न नाही, ताशेरा नाही, खुलासा मागितलेला नाही. टाकसाळे चहा मागवायला बाहेर गेले. मी चार पानं फाडून टाकली आणि ती सही बघत बसलो. बुधवारी दुपारी कपाट उघडून मी तो दुसरा संच पाठवला असता, तरी मला एवढंच लिहून आलं असतं.